दगडातली कोलंबाइन आणि अम्मींची फुलं

आम्ही राहतो ते गाव अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेनव्हर शहराच्या पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी आहे. मूळचे आम्ही रत्नागिरीचे. इथे घरामागच्या उतारावर पंधरा फूट लांब आणि आठेक फूट रुंद अशी आमची दगडांची बाग आहे. तिला इकडे रॉक गार्डन म्हणतात. भारतातून कुणी आलं की चहा झाल्यावर आम्ही मोठ्या हौसेनं त्यांना मागे घेऊन जातो, आणि जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो, "बाग कुठे आहे?"

प्रश्न रास्त आहे. दिसतात ते अर्धे जमिनीत पुरलेले दगड, भोवती बारीक खडी आणि फटींतून डोकावणारे हिरवे पुंजके. एकेक पुंजका चहाच्या बशीत मावेल एवढा. मग आम्ही पाहुण्यांना खाली बसायला लावतो. मे महिना असेल तर त्या पुंजक्यावर चार-पाच बोटं उंचीच्या देठाला एक निळं-पांढरं फूल लटकलेलं असतं, मान खाली घातलेलं, रुपयाच्या नाण्याएवढं. ते हनुवटीला धरून वर करावं तसं बोटानं वर उचललं की पाहुण्यांचा चेहरा बदलतो. त्या एका क्षणासाठी आम्ही बारा वर्षं या दगडांत राबलो आहोत.

ही कोलंबाइन. मराठीत तिला नाव नाही, कारण महाराष्ट्रात ती उगवत नाही. शास्त्रीय नाव ॲक्विलेजिया. उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांत तिच्या अनेक जाती आहेत. आपल्या काश्मीरमध्ये, हिमाचलात उंचावर एक सुवासिक, फिकट फुलांची जात आढळते, तेव्हा तिकडच्या डोंगरात भटकलेल्या वाचकांनी ती न ओळखता पाहिलीही असेल. फुलाची घडण मजेदार आहे. बाहेर पाच रंगीत दलं, आत पाच पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळी मागच्या बाजूला लांबत जाऊन एक पोकळ नळी बनते. नळीच्या टोकाशी मध. या नळ्या कुणाला गरुडाच्या नखांसारख्या वाटल्या; लॅटिनमध्ये गरुडाला 'ॲक्विला' म्हणतात, त्यावरून ॲक्विलेजिया हे नाव आलं असं सांगतात. दुसऱ्या कुणी तेच फूल उलटं धरलं आणि त्याला पाच कबुतरं डोकी एकत्र करून दाणे टिपताना दिसली. कबुतर म्हणजे 'कोलंबा', म्हणून कोलंबाइन. आमच्या घरात कबुतरांचा पक्ष मोठा आहे.

कोलोरॅडोचं राज्यफूल कोलंबाइनच आहे, 1899 पासून. पण ती मोठी, गुडघ्याएवढी वाढणारी, निळी-पांढरी जात. एडविन जेम्स नावाच्या वनस्पतीतज्ज्ञानं 1820 मधल्या मोहिमेत तिची पहिली नोंद केली. लोक ती इतकी तोडून नेऊ लागले की 1925 मध्ये राज्याला कायदा करावा लागला: सार्वजनिक जमिनीवरचं झाड मुळासकट काढायचं नाही, आणि एका दिवसात पंचवीसहून अधिक फुलं, कळ्या किंवा देठ तोडायचे नाहीत.

आमची मंडळी या राज्यफुलाची बुटकी भावंडं. ती सगळी पर्वतातल्या खडकांत राहणारी, आणि प्रत्येकीचा पत्ता ठरलेला. सॅक्सिमोन्टाना फक्त कोलोरॅडोत, साधारण अकरा हजार फुटांच्या वर, कड्यांच्या आणि खडकांच्या आडोशाला. लॅरामिएन्सिस वायोमिंगमधल्या लॅरामी पर्वतरांगेत, ग्रॅनाइटच्या सावलीतल्या भेगांत; तिची फुलं पांढरट. स्कोपुलोरम युटा आणि नेवाडाच्या चुनखडीची. आणि सगळ्यांत बुटकी, सगळ्यांत हट्टी ती जोन्सिआय. 1873 मध्ये कॅप्टन जोन्स यांच्या वायोमिंग मोहिमेबरोबर गेलेल्या चार्ल्स पॅरी यांना ती मिळाली आणि त्यांनी कॅप्टनचं नाव तिला दिलं. तिच्याबद्दल पुढे सांगू.

आम्ही ही फुलं पहिल्यांदा पाहिली ती डेनव्हर बोटॅनिक गार्डन्समध्ये. तिथल्या रॉक अल्पाइन गार्डनमध्ये जगभरच्या उंच पर्वतांतली झाडं दगडांत वाढवली आहेत. पानायोटी केलाइडिस यांनी 1980 पासून ती बाग घडवली. आम्ही सहज फिरायला गेलो होतो. मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिची उंची कमी, म्हणून तिलाच ते फूल आधी दिसलं. आम्ही वरून बघत पुढे गेलो होतो.

त्याच उन्हाळ्यात आम्ही एका रोपवाटिकेतून सॅक्सिमोन्टानाची तीन रोपं आणली आणि कोकणी माणूस करील तेच केलं. हातभर खड्डा खणला, कुजलेलं शेणखत घातलं, काळी माती भरली आणि रोज सकाळी पाणी दिलं. रोपं काय तरारली! पानं तळहाताएवढी झाली. आम्ही फोटो काढून रत्नागिरीला पाठवले. जुलैच्या मध्यावर एका सकाळी पाहिलं तर तिन्ही रोपं मान टाकून पडलेली. हात लावला तर पुंजका मातीपासून सुटून हातात आला. जिथे खोड मुळाला मिळतं ती जागा कुजून काळी झाली होती.

शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. ऐंशीच्या घरातले, आयुष्यभर दगडांत झाडं लावलेले. त्यांनी कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही त्यांना फार जेवू घातलंत." आम्हाला ते तेव्हा लागलं. झाडाला खत घालणं ही काय चूक आहे?

मग एकदा बोलता बोलता सड्याचा विषय निघाला. रत्नागिरीकरांना सडा सांगायला नको. जांभ्याचं उघडं पठार, वर बोटभर मातीसुद्धा नाही, उन्हाळ्यात पाय भाजतात. आणि पावसाळा सरताना त्याच कातळावर निळी सीतेची आसवं आणि पांढरे गेंद यांचा गालिचा पसरतो. लहानपणी आम्ही त्यातलं एक रोप उपटून घरच्या कुंडीत लावलं होतं, चांगल्या मातीत. आठवडाभरात ते गेलं. ते तिथे उगवतं ते कातळ आहे म्हणूनच. आपण त्याला कातळापासून सोडवायला निघालो होतो. शेजाऱ्यांचं बोलणं त्या दिवशी आम्हाला समजलं.

फरक एवढाच की सड्यावर पावसाळ्यात पाणी साचून राहतं आणि या कोलंबाइनला साचलेलं पाणी मुळीच चालत नाही. तिचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं आणि खडकाच्या भेगेत खोलवर गारवा शोधतं. डोक्यावर ऊन, मुळाशी गारवा, आणि मान कायम कोरडी, असा तिचा संसार. डेनव्हरला वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम पंधरा इंच पाणी पडतं. रत्नागिरीत त्याच्या कितीतरी पट एका पावसाळ्यात कोसळतं. म्हणजे हवा आमच्या बाजूनं होती. खोटी ठरली ती आम्ही घातलेली माती.

पुढच्या वर्षी आम्ही उताराचा ईशान्येकडचा भाग निवडला, म्हणजे दुपारचं कडक ऊन टळेल. दीड फूट खणलं. भरावात निम्मी बारीक खडी, उरलेल्या निम्म्यात जाड वाळू आणि साधी माती. खत अजिबात नाही. दगड ठेवताना शेजाऱ्यांनी एक गोष्ट शिकवली: दगड जमिनीवर ठेवायचा नसतो, पुरायचा असतो. निदान तिसरा हिस्सा मातीत जायला हवा, आणि तो किंचित मागे कललेला हवा, म्हणजे त्यावर पडलेलं पाणी मागे मुळांकडे जातं. शिवाय असा दगड हिवाळ्यात जमीन गोठून फुगली तरी हलत नाही. दोन दगडांमधल्या फटीत रोप लावायचं आणि वर बोट-दोन बोटं खडीचा थर द्यायचा. हा थर फार मोलाचा. पाणी त्यातून झटकन खाली उतरतं आणि रोपाची मान कोरडी राहते.

याच कामाच्या वेळी अम्मी आल्या होत्या. एप्रिल ते सप्टेंबर, सहा महिने. आयुष्य परसात घालवलेली बाई. अळू, मिरच्या, अबोली, जास्वंद. आम्ही माती चाळून चाळून बाहेर फेकतोय आणि खडीची पोती आत ओततोय हे पाहून त्यांना काही सुचेना. "अरे, लोक मातीतले दगड वेचतात, तुम्ही दगडांतली माती वेचताय?" असं म्हणायच्या. तरी मदतीला बसायच्या. खडी धुवायचं काम त्यांनीच केलं, ओट्यावर तांदूळ धुवावेत तसं, बादलीत घालून, पाणी बदलत.

आमच्या फेकलेल्या मातीचं त्यांनी सोनं केलं. कुंपणापाशी ती पसरली, त्यात चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, भाजीचे देठ असं काय काय मिसळलं. बाजारात गेल्या तेव्हा बियाण्यांच्या फिरत्या स्टँडवर त्यांना कोलंबाइनचं चित्र दिसलं. "तुमचीच फुलं ना ही? मग दगडात कशाला मरताय?" एक पाकीट आणलं आणि पेरलं. ती बागेतली संकरित जात होती: गुलाबी, जांभळी, पिवळी-लाल, अडीच फूट उंच. त्या वर्षी फक्त पानं आली. अम्मी सप्टेंबरमध्ये परत गेल्या. पुढच्या जूनमध्ये फुलं आली तेव्हा आम्ही फोन हातात धरून कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो आणि त्यांनी रत्नागिरीतून सगळी पाहिली, हसून म्हणाल्या, "बघा, माझी जिंकली." त्यांना पुन्हा इकडे येता आलं नाही. दोन वर्षांनी त्या गेल्या. फुलं दरवर्षी आपली आपण पडलेल्या बियांतून उगवतात, आणि आम्ही त्यांना अम्मींची फुलं म्हणतो.

आता बियांविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट बियांचीच आहे.

बुटकी कोलंबाइन फार जगत नाही. आमच्याकडे सॅक्सिमोन्टाना तीन-चार वर्षं टिकते, एखादं झाड पाच. ती राखायची तर बी धरायला हवं आणि दर वर्षा-दोन वर्षांनी नवी रोपं करायला हवीत. फुटवे काढून लावणं जमत नाही. त्या गाजरासारख्या मुळाला इजा झाली की झाड रुसतं. बी काळं, चकचकीत, खसखशीपेक्षा मोठं. (घरात लहान मुलं असतील तर ते उघड्यावर ठेवू नये, बी विषारी असतं.) या डोंगरी जातींच्या बियांना थंडी भोगल्याशिवाय जाग येत नाही. आम्ही डिसेंबरच्या शेवटी छोट्या कुंड्यांत खडीमिश्रित माती भरतो, बी वरच भुरभुरतो, खोल गाडत नाही कारण त्याला उजेड लागतो, वर फक्त खडीची चिमूट, आणि कुंड्या उत्तरेच्या भिंतीपाशी बर्फात ठेवून देतो. उंदरांसाठी वर जाळी. पहिल्या वर्षी काळजीपोटी आम्ही रात्री कुंड्या घरात आणायचो. त्या वर्षी एकही बी उगवलं नाही. बाहेर ठेवलेल्या कुंड्यांत एप्रिलमध्ये दोन-दोन पानांची रोपं दिसू लागतात. आणखी दोन पानं फुटली की लगेच, मूळ लांब जायच्या आत, वेगळी करायची. इथला हिवाळा कोरडा असतो; महिनाभर बर्फ पडला नाही तर एखाद्या उबदार दुपारी पाणी घालावं लागतं, नाहीतर झाड थंडीनं मरत नाही, तहानेनं मरतं. फूल दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी.

अशी रोपं विकत फारशी मिळत नाहीत. म्हणून रॉक गार्डनवाल्यांमध्ये बियांची देवाणघेवाण चालते. उत्तर अमेरिकेतल्या अशा बागवानांची संस्था 1934 पासून आहे, आणि तिच्याशिवायही लहान-मोठे गट आहेत. शरद ऋतूत सभासद आपापल्या बागेतलं बी पाकिटात घालून, वर नाव लिहून पाठवतात. स्वयंसेवक ते वाटतात. बी पाहून जात ओळखता येत नाही. सगळी काळी, सगळी चकचकीत. पाकिटावरच्या नावावर भरवसा, एवढ्यावरच हा व्यवहार चालतो.

आम्हालाही अशाच एका पाकिटातून जोन्सिआय म्हणून बी मिळालं होतं. तीन वर्षं जपलं. फूल आलं तेव्हा मान खाली घातलेलं. खऱ्या जोन्सिआयचं फूल आकाशाकडे तोंड करून असतं. म्हणजे आमचं झाड सॅक्सिमोन्टानाशी झालेला संकर होता. हा संकर बागांत इतका पसरला आहे की जोन्सिआयच्या नावाखाली बऱ्याचदा तोच मिळतो. आम्ही त्या अनोळखी पाठवणाऱ्यावर किती चिडलो होतो! पाहुण्यांना ती हकिकत रंगवून सांगायचो.

मग आम्हाला एक पत्र आलं. मिनेसोटातल्या एका बाईंचं. पत्रात राग नव्हता. आम्ही चार वर्षांपूर्वी एका देवाणघेवाणीत सॅक्सिमोन्टाना म्हणून दिलेलं बी त्यांनी घेतलं होतं. दगडी कुंड बनवलं, रोपं वाढवली, वाट पाहिली. त्यांची झाडं दोन फूट उंच झाली आणि फुलं गुलाबी आली. सोबत फोटो होता. "तुमच्या बागेत दुसऱ्या कोलंबाइन आहेत का?" एवढंच त्यांनी विचारलं होतं.

फोटोतला गुलाबी रंग आम्ही ओळखला. तो कुंपणापाशी रोज दिसत होता.

कारण साधं होतं, आणि आम्हाला ते माहीत असायला हवं होतं. कोलंबाइनच्या जाती दिसायला वेगळ्या असल्या तरी आतून एकमेकींना फार जवळच्या आहेत. एकीचा पराग दुसरीवर पडला की बहुधा बी धरतं आणि ते बी पुढेही फळतं. डोंगरात त्या वेगळ्या राहतात त्या दोन गोष्टींमुळे. एक, पत्ता: ही चुनखडीवर, ती ग्रॅनाइटवर, मध्ये शेकडो मैल. दुसरी, पाहुणे. लाल, खाली लटकणाऱ्या फुलांवर हमिंगबर्ड येतात. फिकट, लांब नळीच्या फुलांवर संध्याकाळी लांब सोंडेचे पतंग. आखूड नळीच्या निळ्या फुलांवर भुंगे. नळीची लांबी आणि येणाऱ्याच्या जिभेची लांबी यांचा हा मेळ अभ्यासकांनी तपासला आहे. 2007 मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर गाजलेला लेख आला होता. पण बागेत आपण शेकडो मैलांवरच्यांना वीस पावलांवर आणून बसवतो. भुंगा कुंपणापाशी अम्मींच्या फुलांत शिरतो, पिवळा होऊन बाहेर येतो आणि दगडांकडे वळतो.

आम्ही आमचीच दुसऱ्या पिढीची रोपं नीट पाहिली. अकरापैकी चार उंच चालली होती. त्यांना भरपूर पाणी मिळालं असेल, असं आम्ही स्वतःला सांगत आलो होतो.

आपल्याकडे कुणी विश्वासानं सोपवलेल्या गोष्टीला अमानत म्हणतात. त्या पाकिटावर नाव लिहिताना आम्ही खोटं बोललो नव्हतो. पण तपासलंही नव्हतं. बाईंची चार वर्षं गेली होती, आणि त्यांनी ते बी आणखी कुणाला दिलं असेल तर त्यांचीही.

त्या शनिवारी आम्ही फावडं घेऊन कुंपणापाशी उभे राहिलो. दुसरा उपाय दिसत नव्हता. बी शुद्ध हवं तर अम्मींची फुलं जायला हवीत. जुनी झाडं, खोल मुळांची. उचलून दुसरीकडे लावली तर जगण्याची आशा कमीच. आमच्यातल्या एकानं फावडं मातीत घातलं, दुसऱ्यानं हात धरला. मुलगी तोवर मोठी झाली होती. ती घरातून बघत होती, बाहेर आली नाही. आम्ही फावडं भिंतीला टेकवून आत आलो आणि दोन दिवस त्या विषयावर बोललो नाही.

शेजाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुमची काढाल, पण माझ्या पुढच्या अंगणातली राज्यफुलं आहेत, त्यांचं काय? पलीकडच्या गल्लीतल्यांचं काय? भुंगा कुंपण बघत नाही." हे कारण खरं होतं. सोयीचंही होतं, हे कबूल करतो. पण खरं होतं.

उपाय त्यांनीच दाखवला, आणि तो शिवणाच्या पेटीत होता. जुन्या मलमलच्या ओढणीच्या आम्ही तीन-चार इंचांच्या छोट्या पिशव्या शिवल्या. सॅक्सिमोन्टानाची कळी रंग धरू लागली, पण उमललेली नाही, अशा वेळी पिशवी चढवायची आणि देठाशी दोरा सैल बांधायचा. आत फूल उमलतं, भुंग्याला वाट नाही. तीन-चार दिवसांनी, सकाळी दव वाळल्यावर, पिशवी काढून रंगकामाच्या बारीक कुंचल्यानं एका फुलाचा पराग दुसऱ्या पिशवीतल्या त्याच जातीच्या फुलाला लावायचा आणि लगेच पिशवी परत. हे दोन-तीनदा करायचं, कारण पुंकेसर एकदम पिकत नाहीत, क्रमानं पिकतात. शेजारी दुसरं झाड नसेल तर स्वतःच्या परागावरही बी धरतं. पाकळ्या गळल्या की पिशवीचं काम संपलं. देठाला लाल दोरा बांधून ठेवायचा म्हणजे कोणती शेंग खात्रीची ते कळतं. लटकणारं फूल बी धरल्यावर ताठ वर होतं. महिन्या-सव्वा महिन्यानं शेंगांची तोंडं वरच्या बाजूला उघडतात, छोट्या पेल्यांसारखी, आणि कागदी पाकिटात कलती केली की बी खुळखुळत पडतं.

पहिल्या वर्षी नऊ फुलांना पिशव्या बांधल्या. एक वाऱ्यानं नेली, दोन फुलं आत कुजली (पिशव्या पावसात भिजल्यावर बदलायला हव्या होत्या), सहांनी बी धरलं. त्याआधी उंच चाललेली ती चार रोपं दगडांतून काढून कुंपणापाशी लावली होती. ती अजून लहान होती, म्हणून जगली.

बाईंना आम्ही पहिल्याच आठवड्यात माफीचं पत्र लिहिलं होतं, आणि त्या देवाणघेवाणीच्या स्वयंसेवकांनाही कळवलं, म्हणजे त्यांनी ते बी ज्यांना दिलं त्यांना सांगता यावं. लाल दोऱ्याच्या शेंगांतलं बी आधी इथे पेरलं, फूल येईपर्यंत थांबलो, आणि झाडं चार बोटांचीच राहिली हे पाहिल्यावर मग मिनेसोटाला पाठवलं. यात आणखी अडीच वर्षं गेली. त्यांनी उत्तरात लिहिलं की गुलाबी झाडं त्यांनी उपटली नाहीत, फक्त त्यांच्यापुढची पाटी बदलली. आता देवाणघेवाणीत आम्ही दोन प्रकारची पाकिटं पाठवतो. पिशवीतल्या बियांवर जातीचं नाव. बाकीच्यांवर लिहितो: "बागेतलं, खुलं परागण, शेजारी उंच कोलंबाइन आहेत." दुसरी पाकिटंही लोक घेतात. काहींना तीच आवडतात.

जोन्सिआयचं राहिलं. खरी जोन्सिआय पाहायला आम्ही एका जूनच्या शेवटी वायोमिंगच्या बिगहॉर्न पर्वतात गेलो. दिवसभराचा प्रवास, मग वाऱ्याचा उघडा माथा. झाड एक नाही, चुनखडीचे पांढरे तुकडे मात्र मैलभर पसरलेले. अर्धा तास काहीच दिसलं नाही. मग पायाशी एक दिसली, आणि एक दिसली की दहा दिसतात. राखाडी-हिरव्या, लव असलेल्या पानांचा घट्ट गोळा, लिंबाएवढा, आणि त्याच्यावर जवळजवळ त्याच्याच मापाचं गडद निळं फूल, थेट आभाळाकडे बघणारं. वाऱ्यानं आम्हाला उभं राहवत नव्हतं आणि ते फूल जेमतेम हलत होतं. एका ठिकाणी दगडांत ताजा खड्डा होता, कुणीतरी झाड उकरून नेलेलं. असं नेलेलं झाड जगत नाही. हातभर खोल गेलेलं मूळ तुटतं, आणि चुनखडीच्या भेगेत कितीतरी वर्षांत जमलेलं सगळं चार महिन्यांत संपतं. विकतसुद्धा रोप घेताना ते बियांपासून वाढवलेलं आहे का, हे विचारून घ्यावं. उत्तर देताना विक्रेता घुटमळला तर सोडून द्यावं.

आम्ही नंतर खात्रीच्या ठिकाणाहून बी घेतलं. पहिल्या हिवाळ्यात काही उगवलं नाही. कुंडी फेकली नाही, दुसरा हिवाळाही बर्फात ठेवली, तेव्हा दोन रोपं आली. चुनखडीची खडी घालून एका सच्छिद्र दगडाच्या फटीत ती लावली आहेत. बागेत जोन्सिआय जगते, पण फुलायला तयार नसते, असा जुन्या जाणत्यांचा अनुभव आहे.

हा लेख लिहिणार असं कळल्यावर रत्नागिरीहून भाच्यानं फोन केला, "मामू, येताना थोडं बी आणा की." दोन कारणांनी आणणार नाही. तिथे हिवाळाच नाही, आणि पावसाळ्यात मूळ आठवडाभरही टिकणार नाही. शिवाय बी सामानात टाकून भारतात नेता येत नाही. त्यासाठी परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि हा नियम बरोबर आहे. त्याला आम्ही सांगितलं, सड्यावर जा, ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि खाली बस. काही उपटू नकोस.

आमच्या दोन जोन्सिआय यंदा पाच वर्षांच्या झाल्या. एकीचा पुंजका जायफळाएवढा, दुसरीचा त्याहून थोडा मोठा. कळी अजून नाही. काल रात्री बर्फ पडला आहे. खडीचा थर झाकला गेला आहे आणि कुंपणापाशी अम्मींच्या फुलांची वाळलेली काटकं तेवढी वर दिसत आहेत. पिशव्या धुऊन ठेवल्या आहेत. यंदा बारा शिवल्या.